काळी पडलेली बाटली आणि रंग बदलणारा जिवाणू

एसटीत रेंज गेली की आमचा आवाज मध्येच तुटतो अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

आज सुरुवात करकंबपासून. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचं माझं गाव. आमचं घर गावठाणात नाही, वस्तीवर आहे. ऊस, थोडी द्राक्षबाग, चार म्हशी आणि घरामागे आजोबांनी खणलेली विहीर. नळ आलाय, पण पाणी रोज येत नाही. त्यामुळं प्यायला विहिरीचंच पाणी.

गेल्या दिवाळीत चार दिवस गावी होतो. संध्याकाळी काकीनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, विहिरीचं पाणी एका छोट्या बाटलीत खुणेपर्यंत भरलं, झाकण लावलं, हलवलं, आणि बाटली जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून चुलीमागच्या देवळीत ठेवली. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं तेव्हा प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं होतं. काकी त्या पाचांतली एक.

"हे काय गं?"

"सकाळी बघ. काळं झालं तर पाण्यात घाण हाय."

सकाळी बाटली काळीकुट्ट. शाई ओतल्यासारखी.

आजी म्हणाली, "चाळीस वर्सं हेच पाणी पितोय. आमाला काय झालंय?"

काकी एरवी आजीला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, तुमाला काय झालं नसंल. पण बारक्याला महिन्यात दोनदा जुलाब का लागलं मग?"

बारक्या म्हणजे माझा चुलत पुतण्या, वय वर्षं तीन. पुढे कुणीच काही बोललं नाही. मी मात्र बाटली हातात घेऊन बसलो, कारण माझं रोजचं कामच हे आहे. पुण्यात ऑफिसमध्ये मी सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टिमसाठी कोड लिहितो. काही बिघडलं की अलर्ट गेला पाहिजे, आणि उगाच रात्री तीन वाजता कुणाला उठवायचं नाही. आमची अख्खी टीम या एका गोष्टीवर डोकं फोडते, आणि इथं ती कागदाच्या एका पट्टीवर चालली होती.

ही बाटली आली कुठून? ग्वाल्हेरहून. तिथं डीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथल्या मंजा, मौर्य आणि राव या तिघांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये जेमतेम पाच पानांचा एक पेपर छापला. कागदाच्या तुकड्यावर पेप्टोन लावायचं, ते जिवाणूंचं खाणं. त्यात थायोसल्फेट, म्हणजे गंधक. लोहाचा एक क्षार. आणि टीपॉल, म्हणजे चक्क डिटर्जंट. हे सगळं वाळवून निर्जंतुक बाटलीत ठेवायचं. पाणी ओतायचं आणि १२ ते १८ तास उबेत ठेवायचं. पाण्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असतील तर त्यांतले काही गंधक खाऊन हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तोच वायू. तो लोहाला भेटला की काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. संपलं.

साबण कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. आपल्या आतड्यात पित्त असतं, आणि पित्त साबणासारखंच तेल फोडतं. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंना त्याची सवय असते. माती-झाडपाल्यावरच्या इतर बऱ्याच जिवाणूंना ते झेपत नाही. म्हणजे साबण इथं वॉचमनचं काम करतो. ओळखीच्यांना आत सोडतो, बाकीच्यांना गेटवरच अडवतो. मला हे इतकं आवडलं की पुण्यात आल्यावर दोन सहकाऱ्यांना कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत ऐकवलं.

यात गंमत अशी की घाण ओळखणारं कुठलंही यंत्र बाटलीत नाही. घाणीतला जिवाणू स्वतःच वर्दी देतो, आपण त्याला फक्त शाई आणि दौत पुरवतो. पण म्हणूनच बाटलीची मर्यादाही तिथंच आहे. पाण्यात नायट्रेट असेल, आर्सेनिक असेल, कीटकनाशक असेल, तर बाटलीला त्याचा पत्ता नाही. ती स्वच्छच दिसेल.

इथं मला माझं इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष आठवलं. मी कॉम्प्युटरला, माझा रूममेट बायोटेकला. त्यानं एका रात्री मेसमधून येता येता सांगितलं की परदेशात आपल्या वयाची पोरं जिवाणूला कोड लिहितात. पाण्यात विष आलं की रंग बदल, असा कोड. त्याची दरवर्षी स्पर्धा होते, नाव आयजेम. आपणही करू. आम्ही महिनाभर रात्री जागून पोस्टर बनवलं, सर्किट काढलं. मग कळलं की नोंदणीची फी हजारो डॉलर आहे, कॉलेजच्या लॅबला जनुकीय काम करायची परवानगी नाही आणि गाईड व्हायला कुणी तयार नाही. पोस्टर अजून माझ्याकडे आहे, कपाटावर, गुंडाळी करून. काळी बाटली बघताना पहिल्यांदा वाटलं की त्या गोष्टीचा इतिहास नीट वाचायला हवा. म्हणून हा भाग.

जिवाणूला पहारेकरी करायची कल्पना जुनीच. समुद्रात काही जिवाणू अंधारात चमकतात. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत त्यांच्यावर एक चाचणी निघाली, पुढे ती मायक्रोटॉक्स नावानं विकली गेली. संशयित पाणी जिवाणूंत मिसळायचं आणि त्यांचा उजेड मोजायचा. उजेड मंदावला की पाण्यात काहीतरी विषारी आहे. पण काय, ते कळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर डाऊन आहे एवढंच कळलं, लॉग फाइल नाही.

दिवा विझण्याऐवजी पेटला तर? आणि तोही एकाच ठरावीक गोष्टीला? त्यासाठी जनुकाचा स्विच लागतो. असे स्विच असतात हे फ्रान्सच्या जाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडलं होतं. ई. कोलाय हा जिवाणू दुधातली साखर समोर आली तरच ती पचवायचं सामान बनवतो, एरवी ते जनुक बंद. १९७० च्या दशकात एका जिवाचं जनुक दुसऱ्यात घालता यायला लागलं, आणि एकाचा स्विच दुसऱ्याच्या दिव्याला जोडायची सोय झाली. १९९० साली टेनेसी विद्यापीठात गॅरी सेलर यांच्या गटानं ते करून दाखवलं. नॅप्थालीन खाणाऱ्या जिवाणूच्या स्विचला समुद्री जिवाणूचा दिवा. कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्या म्हणजे नॅप्थालीन. तो आला की हा जिवाणू उजळतो. १९९६ मध्ये सरकारी परवानगीनं तो ओक रिजला जमिनीत पुरलेल्या मोठ्या टाक्यांमधल्या मातीत सोडला, आणि दोन वर्षं त्याच्यावर नजर ठेवली. अमेरिकेत प्रदूषणाच्या कामासाठी जनुकं बदललेला जिवाणू बाहेर सोडायची ती पहिली वेळ. टाकीत का होईना.

आता आपली माणसं येतात. म्हणजे कॉम्प्युटरवाली. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टॉम नाइट नावाचे इंजिनीअर होते. लिस्प मशीन बनवणाऱ्यांपैकी एक. वय झाल्यावर त्यांनी जीवशास्त्राचे धडे पहिल्यापासून गिरवले आणि त्यांना प्रश्न पडला की इथं प्रत्येक जण सगळं शून्यापासून का जोडतोय? आपल्याकडे नट-बोल्टची मापं ठरलेली असतात, चिपच्या पिना ठरलेल्या असतात. डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना ठरावीक जोड दिला तर कुणाचाही तुकडा कुणालाही बसेल. त्याला त्यांनी बायोब्रिक म्हटलं, जैविक वीट. जोडीला ड्रू एंडी होते, आणि रँडी रेटबर्ग होते, ज्यांची आधीची कारकीर्द इंटरनेटच्या पूर्वजापासून ॲपल आणि सनपर्यंत गेलेली. २००३ च्या जानेवारीत एमआयटीच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा कोर्स झाला. २००४ च्या उन्हाळ्यात पाच विद्यापीठांची स्पर्धा झाली. तीच आयजेम.

२००६ साली त्यात स्कॉटलंडच्या एडिनबरा विद्यापीठाचा विद्यार्थ्यांचा संघ उतरला. त्यांनी विषय घेतला आर्सेनिक. थंड, पावसाळी स्कॉटलंडच्या पोरांना आर्सेनिकशी काय देणंघेणं? त्यासाठी आधी बांगलादेशात जाऊन यावं लागेल.

१९७० च्या दशकात तिथं तळ्या-नाल्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबानं मरत होती. म्हणून युनिसेफच्या मदतीनं गावोगाव हातपंप बसवले गेले. खोल जमिनीतलं पाणी, जंतू नाहीत, सगळे खूश. पण गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात निसर्गतःच आर्सेनिक असतं. आधी पश्चिम बंगालमध्ये, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्वचेवर काळे-पांढरे ठिपके आणि तळहातावर गाठी आलेले रुग्ण कोलकात्याच्या डॉक्टरांना दिसले. १९९३ मध्ये बांगलादेशच्या विहिरींत ते सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आकडा आला. साडेबारा कोटी लोकांच्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका. ग्वाल्हेरच्या बाटलीचा पेपर ज्यात आला होता तेच हे बुलेटिन. एकानं सांगितलं जंतू कसे ओळखायचे, अठरा वर्षांनी दुसऱ्यानं सांगितलं की जंतू चुकवताना काय झालं.

मग सुमारे ५० लाख हातपंप तपासायची मोहीम निघाली. पाणी वाईट असेल तर पंपाला लाल रंग, चांगलं असेल तर हिरवा. आपल्याकडे ग्रामपंचायतींना पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात, ते आठवलं ना? पण ती तपासणी ज्या रासायनिक किटनं व्हायची त्यात आर्सेनिकचा वायू बनवून तो पाऱ्याच्या क्षाराच्या कागदावर घ्यायचा, आणि डाग किती पिवळा पडला ते डोळ्यानं ठरवायचं. वायू विषारी, कागदावर पारा, आणि निकाल अंदाजावर. सुरक्षित मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमचे एक लाख भाग करा आणि त्यातला एकच भाग एक लिटर पाण्यात टाका.

एडिनबराच्या पोरांनी स्विच नवा शोधला नाही. ई. कोलायकडे तो आधीच होता. आर्सेनिक पृथ्वीवर आपल्या कितीतरी आधीपासून आहे, जिवाणूंनी त्याच्याशी जगायला शिकून घेतलंय. त्यांच्याकडे आर्सआर नावाचं प्रथिन असतं. ते डीएनएच्या एका जागेवर बसून पुढची जनुकं बंद ठेवतं. आर्सेनिक आत आलं की ते आर्सआरला चिकटतं, आर्सआर जागेवरून सुटतं, जनुकं चालू होतात आणि आर्सेनिक बाहेर फेकणारा पंप तयार होतो. सरळ इफ-एल्स. पोरांनी काय केलं, त्या इफच्या पुढची ओळ बदलली. पंपाच्या ओळीच्या जागी दुधाची साखर फोडणारं जनुक लावलं. साखर फुटली की जिवाणू तिचं आम्ल करतो. आम्ल झालं की सामू, म्हणजे पीएच, उतरतो. पाण्यात आधीच टाकलेला सूचक रंग बदलतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तसलाच प्रकार.

यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी चमकणारा दिवा टाळला. उजेड मोजायला यंत्र लागतं. रंग बघायला डोळे पुरतात. त्यांच्या आराखड्यात उलटी बाजूसुद्धा होती: आर्सेनिक नसेल तर युरियापासून अमोनिया बनवून पाणी अल्कधर्मी करायचं, म्हणजे "चाचणी चालू आहे आणि पाणी चांगलं आहे" हेही रंगावरून कळेल. अलर्टवाल्या माणसाला याची किंमत विचारा! अलर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे की अलर्ट पाठवणारंच मेलंय, हा आमचा कायमचा घोळ. आम्लाचा अर्धा भाग त्यांनी प्रत्यक्ष चालवून दाखवला. ५ मायक्रोग्रॅमपर्यंत ओळखता आलं, म्हणजे मर्यादेच्या निम्म्यावर. पदवीच्या पोरांनी, एका उन्हाळ्यात.

पुढे २००९ साली केंब्रिजच्या संघानं जिवाणूंना लाल, केशरी, जांभळे, तपकिरी रंग बनवायला लावले आणि पहिलं बक्षीस नेलं. ई. क्रोमाय नाव ठेवलं होतं. त्याच वर्षी बंगळुरूहून कलेच्या विद्यार्थ्यांचा एक संघ गेला होता. त्यांनी ई. कोलायला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास दिला. त्याचा प्रदूषणाशी काही संबंध नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मृगाचा वास, काचेच्या बशीत!

तर मंडळी, २००६ ला जिवाणू तयार. मग काकीच्या हातात तो का नाही?

लोक हात बांधून बसले नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये यान रूलोफ फान देर मेर यांच्या गटानं स्पर्धेच्याही आधी, २००३ मध्ये, आर्सेनिकला उजळणारे जिवाणू बनवले होते. २००५ ला व्हिएतनामच्या १९४ विहिरींचं पाणी त्यांनी तपासलं, आणि प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राशी निकाल चांगले जुळले. नंतर जर्मनीतल्या लाइपझिगच्या संस्थेबरोबर वाळवलेल्या जिवाणूंच्या कुप्यांचं किट झालं, त्याची बांगलादेशात चाचणी झाली, २०१२ ला पेपर आला. केंब्रिज आणि एडिनबराचे शास्त्रज्ञ एकत्र येऊन नेपाळच्या तराईसाठी किट बनवायला लागले. त्यांनी ई. कोलाय सोडून बॅसिलस घेतला, कारण त्याचे बीजाणू फ्रीजशिवाय वाळलेले पडून राहतात. खेड्यात हे केवढं मोठं आहे ते लोडशेडिंग बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

घोडं अडलं ते कायद्यात. युरोपात जनुकं बदललेल्या जिवाणूंसाठी दोन वेगवेगळे कायदे आहेत, एक बंदिस्त वापराचा, एक पर्यावरणात सोडण्याचा. आता सीलबंद कुपीत जिवाणू आहे, पण ती कुपी शेताच्या बांधावर उघडून पाणी टाकायचंय. हे बंदिस्त की सोडलेलं? आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. साध्या कॉलेजलासुद्धा असलं काम करायला संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, आणि बाहेर सोडायचं तर प्रकरण दिल्लीला जीईएसीपर्यंत जातं. आमच्या पोस्टरची गुंडाळी का झाली ते मला तेव्हा कळलं नव्हतं, इतकंच.

कॉलेजात असताना मला हे नियम म्हणजे निव्वळ सरकारी अडवणूक वाटायची. आता तसं ठाम म्हणवत नाही. लॅबमध्ये आपण जिवाणूत जे डीएनए घालतो त्याबरोबर बहुतेक वेळा अँटिबायोटिकला दाद न देणारं एक जनुकही घालतो, कारण कोणत्या जिवाणूनं आपला तुकडा घेतला ते ओळखायची ती सोपी युक्ती आहे. आणि जिवाणू आपापसांत जनुकं देतात-घेतात, शेजारणीनं वाटीभर साखर द्यावी तशी. गावात उघडलेली, वापरून झालेली प्रत्येक बाटली उकिरड्यावर जाणार. करकंबात तरी दुसरं कुठं जाते? माझ्या कोडमध्ये बग निघाला तर मी रात्रीत जुनी आवृत्ती परत चढवतो. उकिरड्यावर गेलेल्या जिवाणूची जुनी आवृत्ती कुठून परत चढवणार? तरी मला वाटतं की सीलबंद चाचणीला आणि शेतात फवारायच्या जिवाणूला एकच फूटपट्टी लावणं चुकीचं आहे.

ही गोष्ट आधीही एकदा घडलीय. आनंद चक्रवर्ती हे बंगालमधल्या सैंथियाचे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी खनिज तेलाचे वेगवेगळे घटक खाणाऱ्या जिवाणूंची जनुकवर्तुळं एकाच जिवाणूत आणली. १९७२ ला पेटंटचा अर्ज केला. सजीवाचं पेटंट देता येतं का, यावर खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८० च्या जूनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले, आणि जगातल्या सगळ्या बायोटेक कंपन्यांचा रस्ता मोकळा झाला. पण तो जिवाणू समुद्रातल्या तेलावर कधी सोडलाच नाही. उलट २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकून तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर टेरी या संस्थेचे ऑइलझॅपर जिवाणू वापरले गेले. ते निसर्गातून निवडून एकत्र केलेले. जनुकांना हात न लावलेले.

म्हणजे दोन्ही वेळा तेच. हुशारीनं घडवलेला जिवाणू पुस्तकात गेला, आणि कामाला आला तो जसाच्या तसा जिवाणू. ग्वाल्हेरची बाटली गावोगाव पोचली कारण तिच्यात जिवाणू नाहीतच. ते पाणीच घेऊन येतं. परवानगी कुणाची घ्यायची? बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागत नाही, आणि निकाल काळा की काळा नाही एवढाच, वाद घालायला जागा नाही. आजीनं घातला तो सोडून.

अलीकडे मधला एक रस्ता निघालाय. जिवाणू फोडून त्याच्या आतली यंत्रसामग्री तेवढी काढायची, स्विचसकट वाळवायची, आणि पाणी टाकलं की चालू. जिवंत काहीच नाही, त्यामुळं पसरायचा प्रश्न नाही. २०२० साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्युलियस लक्स यांच्या गटानं असं रोझालिंड नावाचं किट दाखवलं, १७ प्रकारचे दूषित घटक ओळखणारं. त्यांनी कॅलिफोर्नियात आगीत जळालेल्या पॅराडाइज गावाच्या पाण्यातलं तांबंसुद्धा त्यानं तपासलं. माझं पोस्टर आज काढायचं झालं तर मी याच दिशेनं काढेन.

आणि विषय आर्सेनिक घेणार नाही. आमचा काळा दगड, दख्खनचा बेसॉल्ट, गंगेच्या गाळासारखा नाही. आमच्याकडे उसाला युरिया पडतो, पोत्यानं पडतो, आणि तो नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. जास्त झालं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. ई. कोलायकडे नायट्रेटचाही स्विच तयार आहे, नार्एक्स आणि नार्एल नावाच्या दोन प्रथिनांचा. पण खरं सांगू का, नायट्रेटसाठी साधी रासायनिक पट्टी मिळते, मिनिटात गुलाबी होते. तिथं जिवाणू लावणं म्हणजे कॅल्क्युलेटरच्या कामाला सर्व्हर लावणं. जिवाणूची खरी गरज उजनीला आहे. पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. म्हणजे मी पुण्यात सकाळी तोंड धुतो ते पाणी मजल दरमजल करत माझ्याच गावाकडे निघतं, आणि पुढे चंद्रभागा होऊन पंढरपुरात वारकऱ्यांच्या पायाशी जातं. त्यात काय काय मिसळलंय याची यादी करायला एकेक पट्टी पुरणार नाही. तिथं "काहीतरी बिघडलंय" असं सतत सांगणारा पहारेकरी लागेल.

असो. विहिरीचं काय झालं ते राहिलं.

काकीनं टीसीएल पावडर काढली. हजार लिटरला पाच ग्रॅम, हे तिला पाठ होतं, पण विहिरीत किती हजार लिटर आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. तेवढं मात्र मी केलं. दोरीला दगड बांधून खोली मोजली, पाच मीटर पाणी. विहिरीची रुंदी सहा मीटर. हिशेब आला साधारण एक लाख चाळीस हजार लिटर, म्हणजे सातशे ग्रॅम पावडर. बीटेकचा आजवरचा सगळ्यात थेट उपयोग. पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरचं पाणी विहिरीत सोडलं. तासाभरानं काकीनं ओटी टेस्ट केली, पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरिन उरलाय. रात्री दुसरी बाटली देवळीत गेली. सकाळी ती होती तशीच, फिकट पिवळसर.

मला वाटलं प्रश्न सुटला. काकी मात्र घराच्या मागे जाऊन उभी राहिली. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम वीस फुटांवर आहे. खड्डा आजोबांच्या पश्चात माझ्या काकांनीच खणलाय, त्यामुळं त्या विषयाला घरात कुणी हात घालत नव्हतं. दुपारी जेवताना काकीनं काळी बाटली काकांच्या ताटाशेजारी ठेवली. काही बोलली नाही. काकांनी तिच्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि म्हणाले, "ऊस गेल्यावर जेसीबी सांगतो."

जानेवारीत जेसीबी आला. नवा खड्डा शेताच्या खालच्या अंगाला, लांब. जुना मुरूम टाकून बुजवला. पण जमिनीत मुरलेलं पहिल्या जोरदार पावसात परत विहिरीत येऊ शकतं, म्हणून काकीनं एक बाटली न वापरता जपून ठेवलीय, मृग लागला की लावायला. फोटो पाठवते म्हणालीय. आजी अजून विहिरीचंच पाणी पिते, पण बारक्याचं पाणी आता ती स्वतः उकळून ठेवते, कुणी न सांगता.

मृगाचा फोटो आला की त्या आठवड्याच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते बघा, आणि मला कळवा.